मिश्रीची डबी

मनुबाईंनी भिरकावलेली मिश्रीची डबी शालूच्या कपाळावर लागून अंगणात घरंगळत गेली, आणि बियाण्याच्या शेंगा फोडत बसलेल्या आठ बायकांचे हात जागच्या जागी थांबले...

"हिनं माज्या मिसरीत कायतरी कालवलंय," पदराच्या टोकानं जीभ टिपत मनुबाई म्हणाल्या. "म्हैना झाला, तोंडात नुसती आग हाय. आजपासनं हिनं चुलीला शिवायचं न्हाई. हिच्या हातचं पानीबी नगं मला."

डबी भिरकावली तेवढीच, आवाज काही चढवला नाही. सासूनं सुनेला चार शिव्या घातल्या असत्या तर बायकांनी मान खाली घालून शेंगा फोडल्या असत्या आणि घरी जाऊन विसरूनही गेल्या असत्या. घरोघरी तेच चालतं. पण हे निराळं होतं. सुनेनं सासूला काहीतरी घातलं... हे एकदा तोंडातून गेलं की परत घेता येत नाही! त्यातून तिथं भावकीतली हरणाबाई बसलेली. तिच्या कानावर पडलेलं ऊन उतरायच्या आत ओढ्यापलीकडच्या वस्तीवर पोचलं नाही, असं कधी झालेलं नव्हतं.

शालू तशीच उभी राहिली. कपाळावरून रक्ताचा थेंब भुवईत उतरला, मिश्रीची काळी पूड डोळ्यांत गेली, तरी तिचा हात वर झाला नाही. तिला वेड्यासारखं वाटत राहिलं, की आत्याबाई आता हसतील, चेष्टा केली गं म्हणतील... मनुबाई आयुष्यात कधी चेष्टा करणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि स्वतः चूल पेटवायला आत गेल्या.

रहिमतपूरच्या अलीकडचं ते गाव. सकाळी मिश्री न लावणारी बाई त्या काळात, म्हणजे शहात्तर साली, तिथं शोधूनही सापडली नसती. तंबाखूचं पान तव्यावर काळं होईस्तोवर भाजायचं, तळहातावर चुरायचं, डबीत भरायचं, आणि बोटानं दातांवर घाशीत घटकाभर पायरीवर बसायचं. बाईमाणसाला दिवसातली तेवढीच एक बैठक! आणि सासूची मिश्री भाजायची ती सुनेनं, हा रिवाज. भाजताना डोळ्यांतून पाणी काढणारा धूर होतो, खोकून खोकून जीव जातो, मग ते काम सुनेकडे येणार नाही तर कुणाकडे?

पण शालूनं ते काम कधी नाखुशीनं केलं नाही. ती तासगावकडची. लग्नाला तीन वर्षं झालेली. नवरा अर्जुना पलटणीत, त्यामुळे त्या तीन वर्षांत संसार म्हणावा असे दिवस सगळे मिळून चार महिन्यांचे. घरात सासरे आप्पासाहेब, ते दिवसभर उसात नाहीतर भुईमुगात, आणि आल्यावरही दहा शब्दांच्या वर न बोलणारे. नणंद राहीबाई कुपवाडला दिलेली. म्हणजे शालूचं जग काय ते आत्याबाई. त्या कडक होत्या, फटकळ होत्या, भाकरीला पापुद्रा नाही म्हणून अख्खी टोपली गुरांपुढे ठेवणाऱ्या होत्या. पण मिश्री तोंडात धरून एकदा चारचौघींत म्हणाल्या होत्या, की भाजावी तर आमच्या शालीनं. त्या एका वाक्यावर त्या पोरीनं तीन वर्षं धूर खाल्ला. करपू न देता काळी करायची, हे तिला जमलं होतं, आणि त्याचा तिला केवढा अभिमान होता!

आणि आता त्याच हातावर हा डाग.

चुलीची बंदी म्हणजे काय, हे ज्या बाईनं भोगलं नाही तिला कळायचं नाही. झाडलोट करावी, शेण काढावं, धुणं धुवावं, आणि जेवायच्या वेळी भिंतीला टेकून बसावं, सासू वाढील तेवढं खाली मान घालून खावं. पाण्याची घागर ती विहिरीवरून आणायची, पण उंबऱ्याबाहेर उतरायची. आत नेऊन ठेवायच्या त्या मनुबाई. आणि मनुबाईंना स्वतःलाच नीट खाता येत नव्हतं. जिभेच्या कडेला जे उठलं होतं ते काही केल्या बरं होईना. हळद झाली, तूप झालं, कुणी सांगितलेला पाला झाला. मिश्री मात्र सुटली नाही. आता ती त्या स्वतः भाजून लावत होत्या, आणि तोंडाची आग काही कमी झाली नव्हती. हे शालूला दिसत होतं. पण बोलणार कोण आणि ऐकणार कोण?

मनुबाईंनी आप्पासाहेबांकडून अर्जुनाला पत्र लिहून घेतलं. त्याचं उत्तर आलं ते पोस्टमननं शालूच्या हातात दिलं, आणि चौथी शिकलेल्या शालूनं ते दारातच वाचलं. आईला सांभाळा. रजा चैत्रात, जत्रेला मिळेल. बाकीचं आल्यावर बघतो... एवढंच. तिच्या नावाची ओळ कुठेच नव्हती. ते 'बाकीचं' म्हणजे आपण, हे तिला कळलं. चैत्रात येऊन तो जे बघणार होता त्याचा शेवट तासगावच्या एस्टीत होता, हे ती जाणून होती. तिला परत घेताना भाऊ काय म्हणतील, शेजारपाजार काय म्हणेल, याचा विचार ती दिवसभर करी आणि मग शेणाची पाटी उचलून उकिरड्याकडे जाई.

भाद्रपदात मनुबाईंना पाणी गिळताना कानापर्यंत कळ जाऊ लागली, तेव्हा राहीबाईचा नवरा येऊन त्यांना मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. जिभेचा बारीक तुकडा काढून तपासायला दिला. कॅन्सर निघाला. कापायची जरूर नाही, पण रोज यंत्राचा शेक घ्यावा लागेल, तीस दिवस, असं डॉक्टरांनी सांगितलं. म्हणजे कुपवाडला राहीबाईकडे राहायचं आणि रोज मिरजेला जायचं. राहीबाईची दोन पोरं लहान, नवरा कारखान्यात पाळीवर. बरोबर कुणीतरी पाहिजे.

शालू म्हणाली, मी जाते. मनुबाईंनी मान फिरवली. ती नगं म्हणाल्या. तेव्हा आप्पासाहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा बायकोचं म्हणणं मोडलं. "तीच जाईल," म्हणाले, आणि खुंटीवरची पिशवी काढून शालूच्या हातात दिली.

कुपवाडच्या त्या दीड खोलीत राहीबाईनं पहिल्याच दिवशी वहिनीला बाजूला घेऊन सांगितलं, की तुमी बाकी काय लागंल ते करा, पण स्टोला हात नका लावू. तिला बोलताना वाईट वाटत होतं, हे शालूनं पाहिलं, आणि बरं म्हणून ती आत्याबाईंची लुगडी धुवायला नळावर गेली.

शेक म्हणजे काहीच दिसत नाही, काहीच भाजत नाही. एका बंद खोलीत बाकड्यावर निजायचं, दार लागतं, वर लाल दिवा लागतो, आणि काही मिनिटांत बाहेर. मनुबाई तेवढी मिनिटं एकट्या आत असत आणि शालू बाहेर त्या लाल दिव्याकडे बघत उभी असे. पहिल्या आठवड्यातच डॉक्टरांनी विचारलं, काय लावता, तंबाखू की मिश्री? राहीबाई त्या दिवशी बरोबर होती. तिनं धीर करून विचारून टाकलं, की मिश्रीत कुणी काही घातलं तर असं होतं का.

"त्यात कुणी काही घालायची गरजच नाही, बाई," डॉक्टर म्हणाले. "मिश्रीच पुरेशी आहे. घरात भाजतं कोण?"

"मी," शालू म्हणाली.

डॉक्टर पुढचा कागद लिहू लागले. शालूच्या छातीवरचा दगड उतरला... आणि त्याच क्षणी दुसरा, त्याहून जड, येऊन बसला. आपण विष घातलं नाही. पण तीन वर्षं, दर चौथ्या दिवशी, मन लावून, करपू न देता आपणच भाजली! बाहेर आल्यावर ती जिन्यात बसून राहिली. आत्याबाईंनी डॉक्टरांचं ऐकलं की नाही कळायला मार्ग नव्हता. त्या सारा वेळ खिडकीबाहेर बघत होत्या.

राहीबाई मात्र त्या रात्रीपासून वहिनीशी मऊ झाली. दादाला पत्र लिहून कळवते म्हणाली. शालूनं नको म्हटलं. "आत्याबाईंच्या तोंडातनं गेलंय, वन्सं. त्यांच्याच तोंडातनं परत यायला पायजे. न्हाईतर लोक म्हनतील, सुनेनं नणदंला बी वळवली."

आणि दैवाची चाल बघा... तेच तोंड आता निकामी होत चाललं होतं.

तिसऱ्या आठवड्यात मनुबाईंच्या तोंडाची आतून साल निघाली. लाळ आटली, जी उरली ती चिकट, तारा सुटणारी. जीभ ताठ झाली. घास इकडून तिकडे सरकवायला जीभ लागते, हे जन्मात कुणाच्या ध्यानात येत नाही, ते आता ध्यानात आलं. घास गालात अडकून बसे. पाण्याचा घोट मागे जायच्या ऐवजी श्वासात जाई आणि त्या खोकून खोकून निळ्या पडत. बोलणं तर नुसतं हुंकारासारखं झालं. आणि चव गेली, पार गेली. राहीबाईनं एके दिवशी तूप सोडून मऊसूत शिरा केला, आईच्या तोंडात चमचा दिला, तर मनुबाईंनी तो थुंकून टाकला आणि लेकीकडे रोखून बघितलं.

"माती," त्या कशाबशा म्हणाल्या. "काय घातलंस?"

राहीबाई तिथंच बसून रडली. आई मलाच म्हणती, वैनी... मी काय घालीन गं तिला? शालू तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली. तिला खरं तर हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. घटकाभरानं राहीबाईनं डोळे पुसले, स्टोव्हजवळचा पाट शालूकडे सरकवला आणि पोरांना घेऊन बाहेर गेली. पाच महिन्यांनी शालूनं चूल... चूल कसली, स्टोव्हच, पण पेटवला. पेज केली, फडक्यातून गाळली. तीही मनुबाईंना गेली नाही ती गोष्ट निराळी.

शेवटी नाकातून नळी घालावी लागली. दवाखान्यातच ठेवून घेतलं. तिथं एस्तर नावाची एक सिस्टर होती, काळी, ठेंगणी, पेशंटला दटावून बोलणारी. मनुबाईंना बरोबरीची भेटली!

"आजी, दंडात ताकद असते तशी जिभेतपण असते," ती म्हणे. "वापरली नाही की जाते. नळीवर जगायचंय का जन्मभर?" मग ती एक चपटी लाकडी काडी जिभेवर ठेवी आणि मनुबाईंनी ती जिभेनं वर ढकलायची. दहा वेळा. जीभ बाहेर काढायची, डावीकडे, उजवीकडे, टाळूला दाबून धरायची. मग चमचाभर घट्ट पेज. हनुवटी छातीला टेकवायची, जीव एकवटून गिळायचं, हलकं खोकायचं, पुन्हा गिळायचं. आणि झालं की 'आ' करून दाखवायचं. तोंड रिकामं दिसल्याशिवाय सिस्टर दुसरा चमचा देत नसे. सगळ्या गावाला धाकात ठेवणारी बाई त्या सिस्टरपुढे पोरीसारखा 'आ' करून बसे, आणि शालू ते सगळं बघून बघून पाठ करत होती. गाठ विरघळली, काम छान झालं, असं डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशी शालूनं दवाखान्याच्या फाटकाबाहेर नारळ फोडला. नळी निघाली आणि मार्गशीर्षात त्या दोघी गावी परतल्या.

गावी आल्यावर मनुबाईंनी जेवायची जागा बदलली. कोठीच्या खोलीत, दार ओढून. घास ओघळतो, ठसका लागतो, ते कुणी बघता कामा नये. आत फक्त शालू. चूल आता शालूकडे होती. त्याबद्दल कुणी काही बोललं नाही, मनुबाईंच्या अंगात फुंकणी धरायचं बळ नव्हतं म्हणून ती आपोआप आली. दवाखान्यातली काडी मोडली तेव्हा आप्पासाहेबांनी कडुलिंबाच्या फांदीच्या चपट्या काड्या तासल्या, काचेनं घासून गुळगुळीत केल्या, उकळून घेतल्या, आणि त्या ज्या डबीत भरून सुनेपुढे ठेवल्या ती मिश्रीची डबी होती. कोचा आलेली, घासून लख्ख केलेली. शालूनं सासऱ्यांकडे बघितलं, तर ते केव्हाच उसाच्या वाटेला लागले होते.

सकाळ-संध्याकाळ दहा-दहा वेळा. मनुबाई जे काही बोलत ते आता एकट्या शालूला कळे. बाकीच्यांना तो हुंकार. पोटापुरतं अन्न जाऊ लागलं, वजन भरू लागलं, शालूच्या जिवाला थोडा थंडावा वाटू लागला. आणि माघात एका सकाळी मनुबाईंनी तिचा हात धरला.

"एक चिमट दे मिसरी," त्या म्हणाल्या. "जीव जातोय माजा. दे, आन् अर्जुना आला की समद्यांम्होरं सांगते, तुझं काय चुकलं न्हाई."

शालूच्या हातातली काडी तशीच राहिली. एक चिमूट... त्या एका चिमटीत तिचं सगळं होतं. नवरा, घर, मान वर करून विहिरीवर जाणं. चैत्र दोन महिन्यांवर आला होता. आणि चिमूट मिळायला कुठं लांब जायला नको होतं, शेजारच्या कुठल्याही ओसरीवर मिळाली असती. कुणाला कळलंही नसतं. तिनं सासूचा सुकलेला हात आपल्या हातात घेतला, आणि तिच्या डोळ्यांतून इतक्या महिन्यांत न आलेलं पाणी वाहू लागलं.

"नका सांगू, आत्याबाई," ती म्हणाली. "त्यास्नी काय सांगायचं ते सांगा. पर मिसरी मिळायची न्हाई."

मनुबाईंनी हात सोडवून घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. दोन दिवस काडीला जीभ लावली नाही, पेजेखेरीज काही घेतलं नाही. त्यातच हरणाबाई पदराच्या गाठीत मिश्री बांधून चोरून आली. म्हातारीला तेवढंच सुख म्हणे! शालूनं गाठ सोडून मिश्री न्हाणीत ओतली आणि वर दोन तांबे पाणी घातलं. झालं, हरणाबाईला विषय मिळाला. सासूची वाचाच गेलीया, आता रान मोकळंच की, म्हणून ती विहिरीवर सांगत सुटली.

तिसऱ्या दिवशी सकाळी शालू काडी घेऊन आत गेली ती मनाची तयारी करूनच. मनुबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि आपणहून तोंड उघडलं. त्या दिवशी दहाच्या ऐवजी वीस वेळा काडी ढकलली. पुढं तीस. घाम फुटे, तरी थांबत नसत. एवढी कसली घाई, हे शालूला उमगलं नाही. बऱ्या होताहेत यातच तिला आनंद होता.

जत्रेच्या आदल्या दिवशी दुपारी अर्जुना आला. ट्रंक ओसरीवर ठेवली, बायकोकडे एकदा बघून नजर काढून घेतली, आणि आईच्या पायांवर डोकं ठेवलं. मनुबाईंनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि काहीतरी बोलल्या. त्याला कळलं नाही.

"काय म्हनती आई?" त्यानं शालूला विचारलं.

आई म्हणाली होती, पोरीचं काय चुकलं न्हाई. शालूनं अक्षर न् अक्षर ऐकलं होतं. पण ते तिनं स्वतःच्याच तोंडानं कसं सांगायचं? आणि सांगितलं तर खरं कोण मानील? ज्याच्यावर आळ, त्यानंच साक्षीदाराची जीभ व्हायचं...

"बस म्हनत्यात," ती म्हणाली. "दमून आला असाल."

मनुबाईंनी तिच्याकडे असं काही रागानं बघितलं, की तिला चटकन आत निघून जावं लागलं. आत जाऊन तिनं कपाळ चुलीच्या भिंतीला टेकलं. कुणाला कळो न कळो, आत्याबाई बोलल्या होत्या! तेवढ्यावरसुद्धा तासगावची एस्टी धरायला ती तयार झाली असती.

दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचा नैवेद्य झाला आणि दुपारी भावकीची पंगत बसली. ओसरीवर वीस-पंचवीस माणसं, कुपवाडहून राहीबाई आणि जावई आलेले. वाढून झालं. पोळी, दूध, तूप, कटाची आमटी, भात. आप्पासाहेबांनी हात जोडून करा सुरुवात म्हटलं, आणि एकाचाही हात ताटाकडे गेला नाही.

भावकीतले वडीलधारे दादासो खाकरले. "सैपाक कुनी केला?"

"सूनबाईनं," आप्पासाहेब म्हणाले.

मग एकाचं पोट सकाळपासून बिघडलेलं निघालं. दुसऱ्याला एकाएकी उपास आठवला. दारात बायकांच्या घोळक्यात हरणाबाई उभी होती. तिला आता बोलायची गरज उरली नव्हती. अर्जुनाची मान खाली गेली. राहीबाई काहीतरी बोलायला पुढं झाली, पण पुरुषांच्या पंगतीत लेकीचं ऐकतंय कोण? शालू तुपाची वाटी हातात धरून उभी होती, आणि जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, एवढंच तिला वाटत होतं.

तेवढ्यात कोठीच्या खोलीचं दार उघडलं.

मनुबाई बाहेर आल्या. चार महिने ज्यांना शालूखेरीज घरच्या कुणीही जेवताना पाहिलं नव्हतं, त्या भिंत धरत धरत पंगतीच्या मधोमध आल्या आणि आप्पासाहेबांच्या शेजारी, पुरुषांत, मांडी घालून बसल्या. आणि शालूकडे बघून त्यांनी समोरच्या जागेवर हात थोपटला. बस.

शालू बसली. मनुबाईंनी ताटातल्या पोळीकडे बोट केलं, मग स्वतःच्या तोंडाकडे. कोठीत, दार लावून, पेज आणि मऊ भात जात होता; पोळी अजून कधी दिली नव्हती. इथं, एवढ्यांसमोर ठसका लागला तर? सासूला पुन्हा काहीतरी घातलं म्हणतील, आणि मग ब्रह्मदेव आला तरी... तिनं मान हलवली. नको. मनुबाईंनी पुन्हा थोपटलं, आणि आता त्या नजरेपुढे नाही म्हणायची सोय नव्हती.

शालूनं पोळीचा मऊ मधला भाग दुधात कुस्करला, घट्टसर केला, बोटांनी चाचपून एकही कड नाही हे पाहिलं, आणि लहानसा घास सासूच्या ओठांपाशी नेला. मनुबाईंनी घास घेतला.

हनुवटी छातीला टेकली. गळ्याच्या शिरा ताणल्या. एकदा गिळलं. हलकंसं खोकल्या, आणि हरणाबाईनं मान पुढं काढली. मनुबाईंनी डोळे मिटले, जीभ टाळूला दाबली आणि पुन्हा गिळलं.

मग त्यांनी मान वर केली आणि तोंड उघडलं. 'आ'. एस्तर सिस्टरला दाखवत तसं. दादासोंना दाखवलं, लेकाला दाखवलं, दाराकडे वळून बायकांना दाखवलं. तोंड रिकामं होतं. घास पोटात गेला होता. जिच्या हातचं पाणी नको म्हटलं होतं, तिच्या हातचा.

आणि मग त्या बोलल्या. सावकाश, एकेक शब्द टाळूवर ढकलत ढकलत. वीस-तीस वेळा काडी ढकलून त्या कशाची तयारी करत होत्या, ते शालूला आत्ता कळलं.

"हिनं काय घातलं न्हाई," मनुबाई म्हणाल्या. शब्द बोबडे होते, पण ओसरीच्या शेवटच्या माणसाला कळले. मग त्यांनी शालूच्या कपाळावरच्या त्या बारीक वणावर बोट ठेवलं. "तू भाजलीस. मागितली मी."

शालूनं सासूच्या मांडीवर डोकं टाकलं आणि ती ओक्साबोक्शी रडली. ते ओझं तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, राहीबाईलासुद्धा नाही. दवाखान्याच्या जिन्यात बसल्यापासून एकटीनं वाहिलं होतं, आणि त्या फटकळ, हट्टी बाईनं ते न सांगता ओळखलं होतं! मनुबाईंचा हात तिच्या पाठीवर आपटल्यासारखा पडत राहिला. माया करायची त्या हाताला सवयच नव्हती.

अर्जुनानं ताट पुढं ओढलं. पोळीचा एवढा मोठा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि तोंडात घातला, आणि घास गिळून झाल्यावर म्हणाला, "माजं चुकलं." कुणाला म्हणाला ते त्यानं सांगितलं नाही, पण बघत होता बायकोकडे. दादासोंनी पोळीला हात घातला. पोट बिघडलेल्याचं पोट सुधारलं, उपासवाल्याचा वार चुकला होता असं निघालं, आणि हरणाबाई पदर खोचून वाढायला पुढं झाली. तिला आता ही बातमी ओढ्यापलीकडे न्यायची घाई असणार.

मनुबाईंनी तेवढ्यात समोरच्या आमटीत करंगळी बुडवली आणि जिभेवर टेकवली. त्यांच्या कपाळाला आठी पडली. शालूनं घाबरून विचारलं, काय झालं, जळजळतंय का?

"मीठ कमी हाय," मनुबाई म्हणाल्या.

राहीबाई मोठ्यानं हसली आणि हसता हसता डोळे पुसू लागली. शालू घाईनं उठली आणि मीठ आणायला चुलीकडे गेली. बरणीत हात घातला आणि तिथंच क्षणभर उभी राहिली, डोळे भरून आले म्हणून. मग ओंजळीत मीठ घेऊन ती बाहेर आली.